दुसऱ्या रेल्वे गेटजवळचा अण्णांचा ट्रॅक कोणाला आठवतो का?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एक लांबट कौलारू गोदाम होते आणि नव्वदच्या दशकात त्या गोदामात विजेवर धावणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यती होत असत. दारावर पाटी नव्हती. ‘अण्णांचा ट्रॅक’ म्हटले की पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंतच्या कोणत्याही शाळकरी मुलाला जागा कळत असे. आज तेथे चार मजली इमारत आहे, अण्णाही हयात नाहीत, आणि पुष्कळ शोधूनही मला त्या ट्रॅकचे एकही छायाचित्र मिळालेले नाही. ज्यांनी तो पाहिला, त्यावर गाडी चालवली किंवा तो बांधायला हातभार लावला, अशा मंडळींकडून त्याची माहिती एकत्र करावी, या हेतूने हा प्रश्न विचारतो आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लाकडी फळीत खाच कोरलेली असते आणि गाडीच्या पुढच्या भागाखालची एक पातळ जीभ त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात. गाडीखालचे बारीक तारांचे दोन मऊ झुपके त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि त्यांच्यातून मोटरला वीज मिळते. चालवणाऱ्याच्या हातात बंदुकीसारखा घोडा असलेला कंट्रोलर असतो. घोडा दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. गाडीला दिशा देण्याचे काम खाच करते, त्यामुळे स्टिअरिंग नसते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला खेळ अगदी सोपा वाटतो. सगळे कसब वळणावर लागते. वेग थोडा जास्त झाला तर मागची चाके बाहेर फेकली जातात, जीभ खाचेतून निसटते आणि गाडी कलंडते. वेग थोडा कमी ठेवला तर शेजारच्या खाचेतली गाडी पुढे निघून जाते. या दोहोंच्या मधला वेग बोटाला शिकवावा लागतो, आणि तो प्रत्येक वळणाला वेगळा असतो.

मला आठवते ते असे. ट्रॅकला चार खाचा होत्या आणि त्यांच्या कडेने लाल, पांढरा, हिरवा व निळा अशा रंगांच्या रेघा ओढलेल्या होत्या. आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होता आणि जेथे रस्ता स्वतःलाच छेदतो तेथे एक पूल होता. गाड्या मूळ मोटारीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या होत्या, म्हणजे चार मीटरची मोटार तेथे साडेबारा सेंटीमीटरची झालेली असे. अण्णा पूर्वी व्यापारी जहाजावर इंजिन विभागात होते आणि इंग्लंडमधून त्यांनी या खेळाचा एक खोक्यातला संच आणला होता, असे ऐकले आहे. मात्र गोदामातला ट्रॅक खोक्यातला नव्हता. तो प्लायवुडचा होता आणि बेळगावातच बनला होता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो, कारण फळ्यांच्या खालच्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने मराठीत लिहिलेली मापे मी स्वतः वाचली आहेत.

मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की ट्रॅकची खरी मापे काय होती, गाड्यांच्या मोटरी आणि सुटे भाग कोठून येत, आणि गोदाम रिकामे झाल्यावर त्या फळ्यांचे पुढे काय झाले. शक्य झाल्यास त्याचा मापानुसार आराखडा तयार करावा, आणि जमले तर एक लहान ट्रॅक पुन्हा बांधावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या गावाने घडवलेली एवढी विचारपूर्वक केलेली वस्तू केवळ ती मुलांची होती म्हणून नोंदीशिवाय नाहीशी व्हावी, हे मला पटत नाही.

उद्यमबागचा टर्नर यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. त्या काळात मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ टर्नर होतो आणि अण्णांच्या गाड्यांचे आस, चाकांच्या तबकड्या व पितळी बुश आमच्या लेथवर होत असत. मालक त्याचे पैसे घेत नसत. दिवसपाळी संपल्यावर उरलेल्या सळईच्या तुकड्यांतून ते काम करायला आम्हाला मोकळीक होती. हायड्रॉलिकचे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या अचूकतेने करणाऱ्या माणसाला तीन मिलिमीटरचा आस करणे अवघड नव्हते, पण तो सरळ असावा आणि दोन्ही चाके एकाच अक्षावर फिरावीत यासाठी अण्णा जो आग्रह धरत, तो आमच्या कित्येक गिऱ्हाइकांनी कधी धरला नाही. वाकडा आस असलेली गाडी सरळ रस्त्यावर थरथरते आणि वळणावर आधी सुटते. अण्णा ती गाडी आवाजावरून ओळखत.

मापांविषयी. दोन शेजारच्या खाचांमध्ये १० सेंटीमीटर अंतर होते. हे मला पक्के आठवते, कारण आठच्या आकड्याचा आकार का निवडला हे अण्णांनी आम्हाला खडूने जमिनीवर काढून समजावले होते. साध्या लंबगोल ट्रॅकवर सगळी वळणे मिळून एक पूर्ण फेरा होतो. त्या फेऱ्यात बाहेरची खाच आतल्या खाचेपेक्षा, मधल्या अंतराला २π ने, म्हणजे सुमारे ६.२८ ने, गुणले असता येईल तेवढी लांब असते, म्हणजे १० सेंटीमीटरसाठी सुमारे ६३ सेंटीमीटर. वळण लहान असो की मोठे, हा आकडा बदलत नाही. चार खाचांमध्ये सर्वांत आतली आणि सर्वांत बाहेरची यांच्यात दर फेरीला जवळजवळ १ मीटर ८८ सेंटीमीटरचा फरक पडतो. आठच्या आकड्यात मात्र एका बाजूला जी खाच आत असते तीच दुसऱ्या बाजूला बाहेर येते, एक फेरा उजवीकडे आणि तेवढाच डावीकडे होतो, आणि चारही खाचांची लांबी सारखी होते. पूल शोभेसाठी बांधला होता असे अनेकांना वाटे. तो न्यायासाठी बांधला होता.

खाच सुमारे तीन मिलिमीटर रुंद होती. तांब्याच्या पट्ट्या मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानातून आणलेल्या होत्या. वेल्डिंग मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला वापरतात तसली चपटी तार खाचेच्या दोन्ही कडांना कोरलेल्या उथळ पन्हळीत बसवली होती. गाडीखालचे झुपके टीव्हीच्या अँटेना केबलच्या आतल्या जाळीतून कापून घेत असू. टायर हवाई चपलेच्या तळव्यांचे होते. तळव्यातून गोल चकत्या कापून त्या चाकावर चिकटवायच्या, आस ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवायचा आणि वर सँडपेपर धरून टायर गोल करायचा. या स्पंजाची पकड रबराच्या कडक टायरपेक्षा पुष्कळ चांगली असते.

मोटरींबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला आम्ही बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी लावून पाहिल्या, कारण त्या रद्दीच्या बाजारात सहज मिळत. त्या गाडीला नालायक ठरल्या. टेपचा वेग एकसारखा राहावा म्हणून त्या मोटरीच्या आत वेग बांधून ठेवणारी रचना असते, त्यामुळे कंट्रोलर कितीही दाबला तरी ती ठरलेल्या गतीपुढे जात नाही. पुढे मुंबईहून खेळण्यांच्या साध्या मोटरी मागवल्या जाऊ लागल्या आणि अण्णा त्या सगळ्या एकाच खेपेतल्या घेत, म्हणजे गाड्यांमध्ये फार फरक राहत नसे.

कंट्रोलरमध्ये शेगडीच्या कॉइलची तार होती. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॉटच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम येतो. तिचा अर्ध्याहून थोडा कमी तुकडा घेतला की २५ ओहमच्या आसपासचा रोध मिळतो आणि या गाड्यांना तो चालतो. कंट्रोलरची तिसरी तार ब्रेकची होती. घोडा पूर्ण सोडला की ती तार मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडून देई. फिरती मोटर त्या क्षणी जनित्र बनते, तिच्यात तयार होणारी वीज तिच्याच वेटोळ्यांतून फिरते आणि मोटरला अडवते. ज्यांनी फक्त खोक्यातले संच पाहिले होते ते आमच्या गाड्यांचे थांबणे पाहून चकित होत.

वीज ट्रकच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून येत असे. लोडशेडिंगमुळे बॅटरी ठेवली असे पुष्कळांना वाटते आणि दिवे गेल्यावरही शर्यत चालू राहत असे हे खरेच आहे, पण मूळ कारण दुसरे होते. दुबळ्या ट्रान्सफॉर्मरवर चार गाड्या चालवल्या तर एक गाडी खाचेतून सुटताच तिचा भार कमी होतो, व्होल्टेज वर चढते आणि बाकीच्यांच्या गाड्या त्यांचा काही दोष नसताना एकदम झेपावून वळणावर उडतात. मोठ्या बॅटरीत हा चढउतार जवळजवळ जाणवत नाही. प्रत्येक खाचेच्या वायरीत जीपच्या हेडलाइटचा एक बल्ब मालिकेत जोडलेला होता. गाडी आडवी पडून दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या की तो बल्ब लख्ख पेटत असे, वायर जळत नसे, आणि कोणत्या खाचेवर घोटाळा झाला आहे ते सर्वांना दिसत असे.

निपाणीकर यांचे उत्तर

मी मे महिन्याच्या सुट्टीत टिळकवाडीला मामांकडे येत असे आणि निपाणी सोडताना माझ्या डोक्यात मामांपेक्षा ट्रॅक अधिक असे. तांत्रिक भाग मला ठाऊक नाही, पण नियम चांगले आठवतात आणि ते नोंदले जावेत असे वाटते.

शर्यत चार टप्प्यांची असे. पहिल्या टप्प्यात लाल खाचेवर असलेला मुलगा दुसऱ्या टप्प्यात पांढऱ्या खाचेवर जाई, याप्रमाणे प्रत्येकाला चारही खाचांवर सारखाच वेळ मिळे आणि चारही टप्प्यांतल्या फेऱ्यांची बेरीज करून निकाल लागे. त्यामुळे एखादी खाच खराब असली तरी तिचा त्रास सर्वांच्या वाट्याला समान येई. फेऱ्या पाटीवर खडूने रेघा ओढून मोजत. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत वळणावर उभे राहून इतरांच्या सुटलेल्या गाड्या परत खाचेत बसवाव्या लागत, आणि हे काम टाळणाऱ्याला त्या संध्याकाळी पुन्हा कंट्रोलर मिळत नसे. आपला प्रतिस्पर्धी कोण आहे याचा विचार न करता त्याची गाडी शक्य तितक्या लवकर रस्त्यावर आणायची, हे त्या वयात सोपे नव्हते. शहापूरची, वडगावची, कॅम्पातली, मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, घरी दखनी बोलणारी अशी सगळी मुले त्या वळणांवर खांद्याला खांदा लावून उभी असत. बाहेर या गावात भाषेवरून कितीही तणाव असला तरी गोदामात मी कधी वाद ऐकला नाही. वाद होत ते फेऱ्यांच्या मोजणीवरून, आणि ते भरपूर होत.

वडगावचा वाचक यांचे उत्तर

ट्रॅक बंद का पडला याविषयी थोडे लिहितो, कारण ‘व्हिडिओ गेम आले आणि मुले तिकडे गेली’ असे सर्रास म्हटले जाते आणि मला ते अर्धवट वाटते. व्हिडिओ गेमची पार्लरे शहरात आली हे खरे आहे, केबल टीव्ही आला हेही खरे आहे. पण शेवटच्या पावसाळ्यापूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत, किल्ले बांधून झाल्यावर, गोदामापुढे मुलांची रांग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. मुले कमी झालेली नव्हती.

ट्रॅकचा खरा शत्रू आपल्याकडचा पाऊस होता. खानापूरच्या बाजूने जूनमध्ये जी झड सुरू होते ती सप्टेंबरपर्यंत हवेला कोरडे होऊ देत नाही. प्लायवुड ओलावा धरून फुगते, सांध्यावर फळ्या एकमेकींपेक्षा वर उचलल्या जातात, खाच अरुंद होते आणि गाडीची जीभ तीत अडकते. तांब्यावर काळपट थर चढतो आणि गाडी ठेचकाळत चालते. हे टाळायचे तर रोज संध्याकाळी दार उघडण्यापूर्वी पट्ट्यांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, रॉकेलच्या फडक्याने त्या पुसायच्या, सांधे हाताने चाचपायचे आणि जेथे फळी वर आली असेल तेथे खालून पाचर ठोकायची. अण्णा हे सगळे एकटे करत. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे वाढल्यावर ट्रॅकखाली वाकणे त्यांना जमेना आणि ते काम दुसऱ्या कोणी नियमाने अंगावर घेतले नाही. आम्ही सगळे तेथे खेळायला जात होतो, आणि खेळणाऱ्यांपैकी एकाने तरी सकाळी तासभर जायला हवे होते असे मला आजही वाटते. त्यानंतर जागामालकाने इमारत बांधायचे ठरवले. एक नीट चालणारा ट्रॅक दुसऱ्या जागी हलवता आला असता. त्या वर्षीच्या पावसात वेडावाकडा झालेला ट्रॅक हलवायला कोणी पुढे आले नाही.

फळ्यांचे काय झाले ते मी सांगू शकतो. पुलाचा भाग सोडून बाकीच्या फळ्या शहापुरातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये माळ्याला लावल्या गेल्या आणि तांबे काढून विकले गेले. ती शेडही आता राहिलेली नाही. पुलाचा भाग कोणी नेला ते मला कळले नाही.

पोर्ट्समथचा खानापूरकर यांचे उत्तर

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि येथे आल्यावर या खेळाचा इतिहास थोडा समजून घेतला. अण्णांनी आणलेला संच बहुधा ज्या परंपरेतला असेल, ती माझ्या घरापासून जवळच्याच हॅवंट या गावाशी जोडलेली आहे. तेथील मिनिमॉडेल्स या कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस १९५२पासून स्केलेक्स नावाच्या, गुंडाळलेल्या स्प्रिंगवर धावणाऱ्या पत्र्याच्या मोटारी बनवत होते. पुढे त्यांनी त्या मोटारीत विजेची मोटर बसवली, रबराच्या रस्त्यात खाच ठेवली आणि १९५७मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक मांडले. पहिल्या गाड्यांत मासेराटी २५०एफ आणि फेरारी ३७५ होत्या. मागणी एवढी आली की दुसऱ्याच वर्षी कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणी उत्पादकांकडे गेली. विजेवरच्या खेळण्यातल्या मोटारी त्याआधीही झाल्या होत्या. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९१२मध्येच तसा संच काढला होता, पण तो फार काळ टिकला नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अमेरिकेत नंतर घडले ते. साठच्या दशकाच्या मध्यावर तेथे गल्लोगल्ली आठ खाचांचे मोठे लाकडी ट्रॅक असलेली केंद्रे उघडली, मुले तासावर पैसे देऊन खेळू लागली, आणि दशक संपेपर्यंत त्यांतली बहुतेक बंदही पडली. त्या वेळी व्हिडिओ गेम अजून बाजारात आलेलेच नव्हते, म्हणून वडगावच्या वाचकांचे म्हणणे मला पटते. तेथले एक कारण असे सांगितले जाते की लोक स्वतःच्या गाड्या आणू लागले, मोटरींची वेटोळी बदलून त्या अधिकाधिक वेगवान करू लागले, आणि नवखा मुलगा दुकानातून घेतलेली गाडी घेऊन आला की तो दर वेळी शेवटचा येऊ लागला. शेवटचा येणारा मुलगा फार दिवस येत नाही. अण्णांनी सगळ्या गाड्या ट्रॅकच्या ठेवल्या, मोटरी एकाच खेपेतल्या घेतल्या आणि बाहेरची गाडी चालवू दिली नाही, या निर्णयाचे मोल मला येथे आल्यावर कळले.

चुंबकाविषयीही सांगायला हवे, कारण बांधणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. दुकानात मिळणाऱ्या अलीकडच्या गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असतो आणि तो रस्त्यातल्या पोलादी पट्ट्यांना ओढून गाडीला वळणावर धरून ठेवतो. त्यामुळे लहान मुलांना गाडी चालवणे सोपे जाते, पण मागची चाके घसरू लागली आहेत हे बोटाला कळायच्या आतच गाडी सुटते. तांबे चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तांब्याच्या ट्रॅकवर तो चुंबक निरुपयोगी ठरतो आणि गाडी केवळ वजन, टायर आणि चालवणाऱ्याच्या हातावर राहते. येथील अनेक क्लब आजही मुद्दाम लाकडी ट्रॅकवर चुंबकाशिवाय खेळतात. २००४पासून डिजिटल संचही आले आहेत आणि त्यांत गाडी धावता धावता खाच बदलू शकते. ते पाहायला सुरेख आहे. तरीही पहिल्या ट्रॅकसाठी मी ते सुचवणार नाही, कारण बिघाड झाला तर गल्लीतल्या माणसाला तो दुरुस्त करता येत नाही, आणि अण्णांच्या ट्रॅकची सारी ताकद तर तेथेच होती.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फळ्या माळ्याला लागल्या हे वाचून वाईट वाटले, पण १० सेंटीमीटरचे अंतर, खाचेची रुंदी आणि आठच्या आकड्यामागचा हिशेब मिळाल्यामुळे आराखडा आता काढता येईल. गोदामाची लांबी मला जुन्या घरपट्टीच्या कागदांवरून मिळण्याची शक्यता आहे आणि तिच्यावरून वळणांच्या त्रिज्येचा अंदाज बांधता येईल.

वडगावच्या वाचकांनी जे लिहिले त्यावर मी बराच विचार केला. ट्रॅक पुन्हा बांधायचा तर तो एका माणसाच्या गुडघ्यांवर अवलंबून राहता कामा नये. म्हणून माझा विचार असा आहे की तो कमरेएवढ्या उंचीवर असावा, प्रत्येक फळी बोल्टने जोडलेली आणि दोघांना उचलता येईल एवढीच असावी, आणि जो कोणी खेळायला येईल त्याच्याकडे आठवड्यातून एकदा पट्ट्या पुसण्याची पाळी असावी. वळणावर उभे राहण्याचा नियम जसा होता तसाच हाही नियम ठेवता येईल. भाग्यनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली रिकामी आहे आणि ती पावसाळ्यात कोरडी राहते.

टर्नर साहेब, आपल्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्लायवुड कोणते घ्यावे? आणि बॅटरी घरात ठेवणे योग्य आहे का?

उद्यमबागचा टर्नर

प्लायवुड १८ मिलिमीटरचे घ्या आणि दुकानदाराला आयएस ७१० असा शिक्का असलेले मरीन प्लाय मागा. आयएस ३०३चे साधे प्लाय स्वस्त पडते, पण आपल्या हवेत खाचेच्या कडा फुगतात. अण्णांचा ट्रॅक त्याच साध्या प्लायचा होता. खाच कोरून झाल्यावर तिच्या आतल्या भिंतींना आणि फळीच्या चारही कडांना सीलरचे दोन हात द्या. बहुतेक लोक वरचा पृष्ठभाग रंगवतात आणि खाच कोरडी सोडतात, आणि पाणी तेथूनच शिरते. खाच राउटरने, म्हणजे लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राने, कोरताना वळणासाठी लवचिक पट्टी खिळ्यांनी वाकवून तिच्या कडेने यंत्र चालवा; हाताने वळण काढले तर खाचेला कोन राहतो आणि प्रत्येक गाडी त्याच एका ठिकाणी सुटते.

बॅटरी खोलीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बाहेर गच्चीवर किंवा मोकळ्या व्हरांड्यात ठेवा आणि जाड वायरीने आत जोडणी घ्या. आता १२ व्होल्टचे चांगले स्थिर पॉवर सप्लाय मिळतात. प्रत्येक खाचेला एक स्वतंत्र सप्लाय दिला तर एकाची गाडी सुटल्यावर दुसऱ्याची उडण्याचा प्रश्नच उरत नाही. हेडलाइटचे बल्ब मात्र ठेवा.

आस आणि चाकांचे काम माझ्याकडे पाठवा, लेथ अजून चालू आहे. आणि पूल बांधताना त्याच्याखालची उंची गाडीच्या मापाने ठरवू नका, मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी ठेवा, कारण पुलाखाली पडलेली गाडी काढण्यात आमच्या अर्ध्या शर्यती थांबत असत.